आवर्त सारणी पाठ करू नका, कार्डं मांडून बघा

दहावीच्या पोरांना आवर्त सारणी आयती मिळते, सगळे चौकोन भरलेले, मग ती बनवणाऱ्या रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीवने नेमकं काय डोकं लढवलं ते कळणार कसं? 1869 मध्ये सेंट पीटर्सबर्गला तो विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पुस्तक लिहीत होता, तेव्हा मूलद्रव्यं माहीत होती 63, अणूच्या पोटात काय आहे याचा कुणालाच पत्ता नव्हता आणि अणुअंक (अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या) ही भानगडच नव्हती. तेवढ्याच सामानात घरी सारणी मांडता येते, एक दुपार पुरते.

घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतातच, त्या कापून 30 कार्डं करा. लिथियम ते फ्लोरिन 7, सोडियम ते क्लोरिन 7, मग पोटॅशियम, कॅल्शियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं, जस्त, आर्सेनिक, सेलेनियम, ब्रोमिन, आणि शेवटी टेल्युरियम आणि आयोडिन. स्कँडियम, गॅलियम, जर्मेनियम मुद्दाम नाही घ्यायचे. हायड्रोजन पण बाजूला ठेवा, तो कुठेच धड बसत नाही.

प्रत्येक कार्डावर दोनच आकडे. एक अणुवस्तुमान (म्हणजे अणूचं वजन), आणि दुसरा, त्याचे दोन अणू जास्तीत जास्त किती ऑक्सिजन धरतात तो. हा दुसरा आकडाच सगळी जादू करतो. (ऑक्सिजन आणि फ्लोरिनची ती जागा कोरी सोडा.)

आता वजनाप्रमाणे एका ओळीत लावत जा, गुण परत पहिल्यासारखे दिसले की नवी ओळ सुरू. सोडियम 1, मॅग्नेशियम 2, ॲल्युमिनियम 3, सिलिकॉन 4, फॉस्फरस 5, गंधक 6, क्लोरिन 7. पोरं खूश होतात इथे. पोटॅशियम परत 1, कॅल्शियम 2, आणि पुढचं कार्ड येतं टायटॅनियमचं, त्यावर 4! पोरं त्याला ॲल्युमिनियमखाली कोंबायला जातात, कोंबू देऊ नका, सिलिकॉनखालीच ठेवा आणि मधे एक जागा रिकामी सोडा. मग 5, 6, 7 बरोबर येतात. लोखंड, कोबाल्ट, निकेल या तिघांना उजवीकडे वेगळा कोपरा द्या, तांब्याला 1 च्या रकान्यात घ्या (थोडी ओढाताण आहे, मेंडेलीवनेही केली होती), जस्त 2.

जस्ताचं वजन 65, त्यानंतर थेट आर्सेनिक 75, आणि आकडा 5. म्हणजे दोन जागा रिकाम्या. या दोन जागांवर घाई करू नका, शेजारची आणि वरची-खालची कार्डं बघून तिथे कोण येईल ते पोरांकडून कागदावर लिहून घ्या, वजन किती. मेंडेलीवने हेच केलं, ॲल्युमिनियमखालच्याला नाव दिलं ‘एका-ॲल्युमिनियम’ (संस्कृतातल्या ‘एक’वरून, ॲल्युमिनियमच्या एक जागा पुढचं) आणि घनतासुद्धा सांगितली, 5.9. 1875 मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां या रसायनशास्त्रज्ञाला तेच मूलद्रव्य, गॅलियम, सापडलं, त्याने घनता मोजली तर 4.7. मेंडेलीवने कळवलं की तुमचा नमुना शुद्ध नाही, परत मोजा! परत मोजली, 5.9 आली. ज्याने ती वस्तू डोळ्यांनी बघितलेली नाही तो बघणाऱ्याला सांगतोय, काय म्हणावं याला. (गॅलियम 30 अंशांच्या आसपास वितळतं, नागपुरात मे महिन्यात बाटलीत पातळच राहील.) दुसऱ्या जागेचा अंदाज होता वजन 72, तिथे 1886 ला जर्मेनियम आलं. कॅल्शियम आणि टायटॅनियमच्या मधे सोडलेल्या जागेवर स्कँडियम, 1879 ला.

आता टेल्युरियम आणि आयोडिन. टेल्युरियम जड निघतं, म्हणजे वजनाने आयोडिन आधी यायला हवं, पण मग ते क्लोरिन-ब्रोमिनच्या रकान्यातून सुटतं. गुण बघा, वजन सोडा. मेंडेलीवला वाटलं टेल्युरियमचं वजनच चुकीचं मोजलंय, ते काही खरं ठरलं नाही.

सगळ्यात शेवटी निऑन आणि आर्गॉनची कार्डं हातात द्या, आकडा 0. आर्गॉन 1894 ला सापडला. 7 आणि 1 च्या मधे अख्खा नवा रकाना करावा लागतो आणि परत तीच बोंब, आर्गॉन पोटॅशियमपेक्षा जड. पोरं वैतागली की मगच 1913 च्या मोझली या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचं नाव काढा, क्ष-किरणांवरून त्याने दाखवलं की क्रम वजनाचा नसून केंद्रकावरच्या प्रभाराचा आहे. मग कार्डांच्या मागे अणुअंक लिहायला लावा, आर्गॉन 18, पोटॅशियम 19, टेल्युरियम 52, आयोडिन 53.