इंदूरच्या उन्हाधुळीत गाडीसाठी एअर इनटेक निवडताना

बाजारात मिळणारा एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी फिल्टर-पाइपांची जुळणी, घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न पॉवर किती वाढेल हा असतो. माळव्यात राहणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: हा इनटेक हवा नेमकी कुठून ओढतो, आणि ती कितपत गाळतो. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढत असल्यामुळे १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिनही मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर जवळपास ३,६०० लिटर हवा आत घेते. ही हवा पीथमपूर रस्त्यावर ट्रकच्या मागून जाताना कशी असते, हे वेगळे सांगायला नको.

आधी हवेच्या उगमाविषयी. उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर आखूड पाइपावर बसवला की तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढू लागतो. बाहेर ४२ अंश आणि बॉनेटखाली ७० अंश असतील, तर त्याच आकारमानात हवेचे वजन सुमारे ८ टक्क्यांनी कमी भरते. म्हणजे फिल्टर मोकळा करून जे मिळवायचे, त्याहून अधिक उष्णतेत निघून जाते. आवाज मात्र भरदार होतो आणि गाडी पळते आहे असा भास होतो. बहुतेक गाड्यांत कंपनीने बसवलेले नळकांडे मुळातच ग्रिलजवळून किंवा फेंडरमधून थंड हवा घेते, हे आपण सहसा बॉनेट उघडून पाहतच नाही. म्हणून उघडा फिल्टर घ्यायचाच असेल, तर त्याला इंजिनापासून पूर्ण वेगळा करणारा बंद डबा आणि समोरून हवा आणणारी नळी सोबत मिळते का, ते तपासावे; बाजूला उभी केलेली पत्र्याची एक पट्टी म्हणजे डबा नव्हे.

बंपरमागे खाली उतरणाऱ्या लांब पाइपाने थंड हवा मिळते खरी, पण जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यावर पाणी साचले की तोच पाइप पाणी ओढू शकतो. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. रोज वापरायच्या गाडीला हा प्रकार मी सुचवणार नाही.

गाळण्याच्या बाबतीत कागदी, कोरडा सिंथेटिक आणि तेल लावलेला सुती असे तीन पर्याय आहेत. के अँड एनसारखे सुती फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात. मात्र ते सावलीत पूर्ण वाळवून, तेल बेताने लावून मगच बसवावे लागतात. तेल जास्त झाले, तर ते हवामापक सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसते आणि इंधनाचे गणित बिघडते. छोट्या ग्वालटोलीत दुकानदाराला आयएसओ ५०११ चाचणीतले आकडे मागावेत. या चाचणीत धूळ अडवण्याची क्षमता, धूळ साठवण्याची क्षमता आणि हवेला होणारा अडथळा हे तिन्ही मोजले जातात. केवळ ‘हवा जास्त जाते’ एवढेच छापलेल्या खोक्यावर विसंबू नये, कारण जाळी विरळ केली तरी हवा जास्तच जाते, आणि तिच्यासोबत गेलेली बारीक धूळ पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत घासत राहते. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) असेल, तर त्याच्या कॉम्प्रेसरची पाती तिच्या वाटेत त्याआधीच येतात.

आपल्या गाडीत हवामापक सेन्सर आहे की मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणारा, हे खरेदीआधी मेकॅनिककडून समजून घ्यावे. पहिल्या प्रकारात सेन्सर बसतो त्या जागी नव्या पाइपाचा आतला व्यास मूळ पाइपाइतकाच हवा. तो वाढला, तर सेन्सर हवा कमी आहे असे समजतो, मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते) आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. दुसऱ्या प्रकारात ही अडचण नसते, परंतु हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरसाठी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या भागातून) वायू आणणाऱ्या ब्रीदर नळीसाठी नव्या पाइपावर जागा असावीच लागते. ती नळी मोकळी सोडून देणारा मेकॅनिक बदलावा. वॉरंटी चालू असेल, तर सर्व्हिस सेंटरकडून आधी लेखी विचारून घ्यावे.

पलासिया ते विजयनगर एवढीच रोजची धाव असेल, तर मूळ डब्यात बसणारा चांगला कोरडा फिल्टर पुरेसा आहे. टर्बो गाडीचे ट्यूनिंग बदलले असेल, तेव्हाच बंद डब्याच्या इनटेकवर खर्च करण्यात अर्थ आहे.

बसवल्यानंतर महिन्याभराने क्लॅम्प सैल करून पाइप काढावा आणि फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर पिठासारखी काळसर धूळ आली, तर हवा बहुधा रबरी कडेच्या फटीतून शिरते आहे. कड नीट बसवून, क्लॅम्प घट्ट करून पुन्हा पाहावे. तरीही धूळ आली, तर कंपनीचा डबा परत चढवावा. तो भंगारात देण्याची घाई म्हणूनच करू नये.