खाऱ्या वाऱ्यात सडलेली जुनी मारुती व्हॅन परत रस्त्यावर कशी आणायची

जुनी गाडी म्हटली की लोक व्हिंटेज व्हिंटेज करतात, ते आधी जरा बाजूला ठेवा. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाल्याशिवाय गाडी सरकारदरबारी व्हिंटेज होत नाही, आणि मारुतीची व्हॅन मुळात आलीच १९८४ ला, म्हणजे देशातली सगळ्यात म्हातारी व्हॅनसुद्धा २०३४ च्या आत त्या रांगेत बसत नाही. तोवर ती नुसती जुनी गाडी, पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पासिंगला न्यायची. म्हणून कामाला हात लावायच्या आधी चासी नंबर शोधा, त्याचा कागदावर पेन्सिलने छाप घ्या, आणि त्या जागेवर ग्राइंडर फिरवणाऱ्याचा हात धरा. नंबर पुसला तर पुढची सगळी मेहनत अंगणात शोभेला ठेवायची.

माझी व्हॅन १९८७ ची, तेव्हा ओम्नी हे नाव पण नव्हतं लागलं. घर देवगडच्या बाजूला, रात्री लाट फुटलेली अंथरुणात ऐकू येते, त्यामुळे गंज काय चीज आहे ते मला कोणी शिकवायची गरज नाही. माझी झाल्यावर आजूबाजूच्या अजून चार व्हॅनी हाताखालून गेल्या, त्यावरून लिहितोय. इंजिनाबद्दल काही लिहिणार नाही, ते ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून करतो, आणि व्हॅन २०१९ पर्यंत बनत होती म्हणून पार्ट पण मिळतात.

१. दिवस कुठले धरायचे

दिवाळी झाली की सुरू, शिमग्याच्या आत रंग मारून मोकळं. गणपतीला गाडी पाहिजे म्हणून जूनमध्ये पत्रा उघडा करून बसणारे दरवर्षी भेटतात, त्यांना माझा नमस्कार. पावसात घासून चकचकीत केलेला पत्रा रात्री झाकून ठेवला तरी सकाळी त्याच्यावर चहाच्या रंगाचा थर धरलेला असतो. थंडीत पण नियम एकच, आज जेवढं घासलं तेवढ्याला आजच प्रायमर. उद्या घासलेल्याला उद्या.

२. खोलणं

सीटा, मॅट, दारांची आतली पॅनल, बंपर, दिवे, सगळं बाहेर. फोटो काढत जा. बॅटरी सोडा, पेट्रोलची टाकी उतरवा, गॅस किट असेल तर सिलेंडर पण उतरवून लांब ठेवा. वेल्डिंग करायचंय, चूल पेटवायची नाही.

३. पत्रा

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत फिरायचं. टणटण वाजला तर पत्रा जिवंत, थपथप वाजला तर आत माती झालीय. व्हॅनची ठरलेली ठिकाणं म्हणजे पुढच्या चाकांच्या कमानी, दाराखालची पेटी, सरकत्या दाराची खालची रेल, मागच्या दाराची खालची कड आणि फ्लोअरवर मॅटच्या खाली जिथे पाणी साठून राहतं तो भाग. रंगाला फुगा आलेला दिसला तर सडका भाग त्याच्या तिप्पट धरून चाला.

या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी, त्यामुळे दाराखालची पेटी कापली की गाडी मधून वाकू शकते आणि मग दार बसत नाही. गाडी सपाट जागेवर घ्या, दाराच्या चौकटीत आडवा पाईप टाकून टाके मारा, मग एक बाजू कापा. ती पूर्ण करून मगच दुसरी. दोन्ही बाजू एकदम कापलेली एक व्हॅन मी बघितलीय, तिचं मागचं दार आजही दोरीने बांधतात.

जिवंत पत्रा लागेपर्यंत कापायचं, वीस गेजचा सीआर पत्रा (साधा, जस्त न चढवलेला) घ्यायचा आणि सीओटू गॅसच्या वेल्डिंगने लांबलांब टाके मारत जायचं, एक इथे एक तिथे, सलग ओढलं की पत्रा पापडासारखा वाकतो. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा कोणी सुचवला तर नको म्हणा, जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, मी अनुभव घेतलाय. आणि भोकावर लांबी (पुट्टी) भरायची नाही, एमसील लावायचं नाही, फायबरचा कपडा चिकटवायचा नाही. वरून गुळगुळीत दिसतं आणि दोन पावसाळ्यांत अख्खा तुकडा हातात येतो.

खालून डांबर मारायचा सल्ला तर प्रत्येक नाक्यावर फुकट मिळतो. नव्या, नीट प्रायमर मारलेल्या पत्र्यावर अंडरकोटिंग ठीक आहे. पण गंजावर डांबर मारलं की त्याला बारीक चीर जाते, चिरेतून खारं पाणी आत शिरतं, बाहेर यायला वाट नाही, आणि गंज झाकणाखाली निवांत वाढतो. दाराखालच्या पेटीला पाणी निघायची भोकं असतात ती तारेने मोकळी करा आणि त्यातूनच आत वॅक्स किंवा जाड तेल फवारा. भोकं बुजवणारा डेंटर दिसला तर त्याला पैसे देऊन घरी पाठवा.

४. वायरिंग

आता चहा घेऊन बसा, इथे माझी दोन वर्षं गेलीत.

दुखणं असं होतं. हेडलाईट लावली की इंडिकेटर मंद. ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा इंडिकेटरचा हिरवा दिवा उगाच उजळायचा. वायपर आणि हेडलाईट एकत्र लावले तर वायपर अर्ध्या काचेवर विचार करत थांबायचा. पावसाळ्यात सगळं दुप्पट. एका वायरमनने अल्टरनेटर बदलायला लावला, दुसऱ्याने बॅटरी, तिसरा म्हणाला वायरिंग आतून जळालंय, पूर्ण नवीन टाका. मी टाकलं. फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेलो, उद्यमनगरात फिरून हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा गुच्छ आणला, चार दिवस खपून बसवला, आणि पहिल्याच सरीत ब्रेक दाबला तर तो हिरवा दिवा परत लागला. त्या दिवशी व्हॅन विकायची जाहिरात लिहून ठेवली होती मी.

जाहिरात टाकायच्या आधी एक प्रकार झाला. सकाळी सेल्फ मारला तर नुसता टक आवाज, परत मारला, परत टक, आणि सीटखालून धूर. ॲक्सिलरेटरच्या केबलचं वरचं प्लास्टिक वितळून मेणासारखं खाली ओघळत होतं. इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थची, म्हणजे करंट परत नेणारी जाळीची पट्टी वरून बरी दिसत होती, हात लावला तर बोल्टाजवळ भुगा झाली. सेल्फ हेडलाईटच्या कितीतरी पट करंट ओढतो, त्याला बॅटरीकडे परत जायला वाट पाहिजेच, पट्टीतून मिळाली नाही म्हणून त्याने ॲक्सिलरेटरच्या केबलमधून काढली.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. गाडीत प्रत्येक दिव्याकडे एकच वायर जाते, परतीची वायर नसतेच, परत येतो तो बॉडीच्या पत्र्यातून. म्हणजे पत्रा हीसुद्धा वायरच. घाटावरच्या कोरड्या हवेत हा हिशोब वर्षानुवर्षं चालतो. आपल्याकडे त्या वायरला गंज लागतो, आणि गंजातून करंट जात नाही. हिरव्या दिव्याचं गूढ पण हेच, मागच्या दिव्याची अर्थ तुटलेली, मग ब्रेकलाईटचा करंट शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा घुसून वाट काढतो. पत्र्याचं काम डेंटरचं आणि वायरिंगचं काम वायरमनचं असं आपण वाटून टाकतो आणि तिथेच फसतो, हा एकच आजार आहे.

बरं, मग मी अर्थ तपासली नव्हती का? तपासली होती ना! मल्टीमीटर लावला, बीप वाजली, अर्थ ओके. या बीपने माझे सहा महिने खाल्लेत. मल्टीमीटर तपासताना अगदी किंचित करंट सोडतो, त्यामुळे वायरीतली एक तार जरी शाबूत असेल तरी तो आनंदाने बीप देतो. एका तारेवर ब्रेकलाईट चालत नाही. साकवावरून एक माणूस गेला म्हणून ट्रक जाईल असं नसतं.

तपासायचं असं. दिवा लावलेला ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, थेट खांबाला, क्लँपला नाही. लाल पिन त्या दिव्याच्या अर्थच्या टोकाला. आकडा शून्याच्या जवळ पाहिजे, ०.२ व्होल्टपर्यंत चालवून घ्या. माझ्या मागच्या डाव्या दिव्याला २.९ आला होता. आता लाल पिन हळूहळू बॅटरीकडे सरकवत या, होल्डर, मग बोल्ट, मग पत्रा, मग पुढचा जोड, जिथे आकडा एकदम पडतो तिथे चोर. हेडलाईटला तर हे कराच, ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊएक अँपिअर ओढतात, परतीच्या वाटेवर दीड व्होल्ट अडकला तरी उजेड तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होतो, आणि लोक जास्त वॅटचे बल्ब टाकून होल्डर जाळून घेतात.

चोर सापडला, घासला, बोल्ट आवळला, आणि पुढच्या जूनमध्ये परत तेच. हे गाऱ्हाणं मी बंदरावर ट्रॉलरची वायरिंग करणाऱ्या एका तात्यांना सांगत होतो. ते जाळ्यावर बसून विडी ओढत होते, मान वर न करता म्हणाले, "रे, होडयेक बॉडी अर्थ खंय असता? दोन वायरी सोड आणि गप ऱ्हव."

झालं, एवढंच. लाकडाच्या किंवा फायबरच्या होडीत करंट परत यायला पत्राच नसतो, म्हणून प्रत्येक दिव्याला दोन वायरी, एक जायची एक यायची. किनाऱ्यावरच्या गाडीला पण तेच करायचं, पत्र्यावर विश्वास ठेवणं सोडायचं.

मी करतो ते असं. घरच्या डीबीत, म्हणजे फ्यूजच्या मुख्य बॉक्सात न्यूट्रल लिंक असते ना, पितळी पट्टी आणि तिला स्क्रू, तशा दोन आणायच्या, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतात. एक डॅशबोर्डच्या मागे, एक मागच्या दिव्यांजवळ, दोन्ही पाण्यापासून वर. बॅटरीच्या निगेटिव्हपासून पुढच्या पट्टीला १० स्क्वेअर एमएमची काळी वायर, मागच्या पट्टीला ६ ची. मग प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून जवळच्या पट्टीपर्यंत स्वतंत्र काळी वायर, हेडलाईटला २.५, बाकी सगळ्यांना १.५. इंजिनाला बॅटरीपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टापर्यंत २५ ची जाड केबल. बॉडीची मूळ अर्थ पण घासून परत जोडा, ती काढायची नाही, फक्त तिच्या भरवशावर राहायचं नाही. पत्र्याला पत्रा भिडेल असं घासायचं, दातेरी वॉशर टाकून आवळायचं, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन चोपडायचं.

वायर शक्यतो होडीला वापरतात ती घ्या, तिच्या तांब्यावर कथिलाचा मुलामा असतो. साध्या वायरीचं तांबं खाऱ्या हवेत टोकापासून आत काळं पडत जातं, वरचं प्लास्टिक नवं कोरं दिसतं. जुनी वायर ठेवणार असाल तर टोक सोला, काळी तार दिसली तर दोन इंच कापा, परत सोला, लाल चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत जा. पहिल्यांदा मी एका वायरीची दीड फूट कापली होती आणि शेवटी ती फेकलीच.

जोड पिळून टेप गुंडाळायचा प्रकार तर करूच नका. टेपचा डिंक मे महिन्यात सुटतो आणि जूनमध्ये त्यात पाणी बसतं. वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी घालून चांगल्या पक्कडीने दाबायचं, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव. डाग देणारे (सोल्डर करणारे) डाग देतात, पण डागाच्या पुढे वायर ताठ होते आणि आपल्या रस्त्यांवर हादरून तिथेच तुटते. हेडलाईटला रिले टाका म्हणजे सगळा करंट जुन्या स्विचमधून जाणार नाही. फ्यूज उडाला तर कारण शोधा. मोठा फ्यूज नाही, तांब्याची तार नाही, सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर अजिबात नाही.

५. रंग

एपॉक्सी प्रायमर, मग रंग. पेंटर चांगला शोधा, बाकी तो बघेल.

६. नंतर

आठवड्यातून एकदा खालून पाण्याने धुवायची, चाकांच्या कमानी आणि दाराखाली जास्त. पण आधी विहिरीचं पाणी जिभेवर घेऊन बघा. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, त्या पाण्याने धुतलं म्हणजे आपल्याच हाताने मीठ लावल्यासारखं. अशा वेळी फडक्याने पुसा आणि गप्प बसा. प्लास्टिकची ताडपत्री अंगालगत घालू नका, आत घाम धरतो. माडाच्या झापांची शेड उत्तम, फक्त गाडी नारळाच्या खाली येत नाही ना ते बघा.

माझी हे सगळं करून सहा पावसाळे झालेत. हिरवा दिवा परत लागला नाही. हॉर्न मात्र अजून जुन्या अर्थवरच आहे, ती स्टिअरिंगच्या दांड्यातून येते आणि तिथे दुसरी वायर टाकायची म्हणजे सगळं स्टिअरिंग उतरवावं लागतं, म्हणून दरवर्षी पुढे ढकलतो. जुलैत चार-पाच दिवस तो रुसतो, तेवढे दिवस मी खिडकीतून हात काढून ओरडतो.