सहावी ते दहावीचे गणित: ठाणे जिल्ह्यात गुणांआधी चुका मोजा

दहावीचा गणिताचा निकाल घसरला की शाळा जानेवारीत जादा तास लावते, सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे झेरॉक्सला जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच होते. मूल दहावीत अडते, पण अडण्याचे कारण बहुतेक वेळा दहावीत नसते. बीजगणिताच्या पहिल्याच प्रकरणातला निश्चयक घ्या, म्हणजे चार संख्यांची चौकट, जिच्यात एका तिरक्या गुणाकारातून दुसरा वजा करायचा. वरच्या ओळीत ३ आणि −२, खालच्या ओळीत ४ आणि −५. मूल तिरके गुणाकार बरोबर करते, −१५ आणि −८ लिहिते, आणि वजाबाकी करताना −२३ वर येऊन थांबते. उत्तर आहे −७. क्रेमरची पद्धत, म्हणजे निश्चयकांनी समीकरणे सोडवायची रीत, त्याला पाठ आहे. −१५ − (−८) मात्र सहावी-सातवीत राहून गेले आहे. अशा मुलाला क्रेमरची आणखी वीस उदाहरणे दिली तर ते तीच चूक वीसदा गिरवील.

म्हणून आधी चूक शोधायची, मग तिच्यासाठी वेळापत्रकात जागा काढायची, मग शिकवायचे. गुणांकडे त्यानंतर बघू.

गट कसा धरावा

ठाणे जिल्ह्यात हे काम एका परिपत्रकाने होत नाही, कारण सगळ्या शाळा एका हाताखाली नाहीत. शहापूर-मुरबाडकडे जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या सहा महापालिकांचे आपापले शिक्षण विभाग, आणि माध्यमिकचा मोठा भाग खासगी अनुदानित संस्थांकडे. चौथी किंवा सातवी झाली की मूल एका व्यवस्थेतून दुसरीत जाते आणि त्याला काय येते, काय येत नाही ही माहिती मागेच राहते.

त्यामुळे कामाचे एकक तालुका धरू नका. एक माध्यमिक शाळा आणि तिच्याकडे मुले पाठवणाऱ्या चार-पाच शाळा, एवढाच गट धरा. यादी काढायला बैठक लागत नाही. माध्यमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आधीच्या शाळेचे नाव असते. पाचवी आणि आठवीचे गेल्या दोन वर्षांतले प्रवेश चाळले की तासाभरात गट हाती येतो.

चाचणी: २० प्रश्न, ४० मिनिटे

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. पहिला आठवडा प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातो. चाचणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. जुलैवर ढकलली तर पावसाच्या सुट्ट्यांत अर्धी मुले निसटतात. सहावी ते नववी सर्वांना एकच पत्रिका द्या. नववीच्या शिक्षकांना हे अपमानास्पद वाटेल, तरी द्या. पर्यायी उत्तरे ठेवू नका, कारण बरोबर पर्यायावरची खूण मुलाने काय विचार केला ते सांगत नाही. कच्चे काम त्याच पानावर, खोडरबर बंद.

प्रश्नांची वाटणी अशी: पूर्ण संख्यांचे ४, अपूर्णांकांचे ५, दशांशाचे ३, ऋण संख्यांचे ४, आणि 'बरोबर' चिन्ह, अक्षरे व प्रमाण मिळून ४. आकडे असे निवडा की नेहमीची चूक केली तर ठरावीक चुकीचे उत्तर यावे. काही नमुने:

- ५०२ − १७८. उत्तर ४७६ आले तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करते आहे.
- ६१२ ÷ ६. उत्तर १२ आले तर भागाकारातले शून्य गळले.
- १/२ + १/३. उत्तर २/५ आले तर अंशात अंश, छेदात छेद.
- ०.४५ मोठा की ०.७? ०.४५ म्हटले तर ४५ आणि ७ ची तुलना झाली.
- −३ − ५. उत्तर ८ आले तर 'वजा वजा अधिक' हे पालुपद नको तिथे लावले गेले.
- ८ + ४ = □ + ५. चौकटीत १२ आले तर 'बरोबर' म्हणजे 'आता उत्तर लिहा' असे मुलाला वाटते.
- ४ वह्या ९० रुपयांना, तर ६ वह्या केवढ्याला? ९२ आले तर प्रमाणाऐवजी बेरीज चालली आहे.

तपासताना गुण देऊ नका. प्रत्येक चौकटीत चारपैकी एक अक्षर लिहा: ब म्हणजे बरोबर, ठ म्हणजे वरच्यासारखी ठरावीक चूक, इ म्हणजे इतर चूक, आणि को म्हणजे कोरे. वर्गाचा एकच तक्ता करा, उभे विद्यार्थी, आडवे प्रश्न. साठ मुलांच्या वर्गाला साधारण दोन तास लागतात. 'ठ' आणि 'को' एकत्र मोजू नका. ठरावीक चूक करणाऱ्या मुलाकडे एक पद्धत असते, ती चुकीची असते एवढेच. त्याला दुरुस्त करता येते. कोरे सोडणारा एकतर घाबरतो किंवा त्या भागाला गैरहजर होता. त्याच्याशी आधी तोंडी बोलावे लागते.

वर्गातल्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांची एकच चूक असेल तर तो भाग सगळ्या वर्गाला शिकवा. कमी असतील तर गट करा.

वेळ कुठून काढायचा

'पोर्शन कसा संपवायचा?' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येणार आणि तो रास्त आहे. जादा तास हे त्याचे उत्तर नाही. शाळा सुटल्यावर थांबणारी मुले बहुधा ज्यांना कमी गरज आहे तीच असतात. बाकीच्यांना शेवटची एसटी, घरची धाकटी भावंडे किंवा क्लास असतो. सहावी, सातवी, आठवीचा गणिताचा तास आठवड्यातून दोनदा एकाच वेळी ठेवा, म्हणजे तिन्ही इयत्तांची मुले चुकीनुसार वाटता येतात. एका खोलीत अपूर्णांक, दुसरीत ऋण संख्या, तिसरीत भागाकार. दर तीन आठवड्यांनी गट मोडा आणि पुन्हा बांधा. गट कायमचे झाले की त्यांना 'ढ वर्ग' हे नाव पडायला वेळ लागत नाही, आणि एकदा पडले की तिथे कोणी प्रश्न विचारत नाही.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत असे तीस तास मांडा आणि बावीस-तेवीसच होतील असे धरून चला. अतिवृष्टी आहे, गणपती आहेत, सहामाही आहे. महत्त्वाचे भाग आधी घ्या.

एक खबरदारी. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी शाळा आपला सर्वात चांगला गणित शिक्षक निवडक पंधरा-वीस मुलांना देते. बोर्डावर नावे झळकतात, वर्गातली बाकीची चाळीस तशीच पुढे सरकतात. त्या शिक्षकाचे निदान हे दोन तास दुरुस्तीच्या गटाला द्या.

अपूर्णांक: २४ सेंटिमीटरची पट्टी

बाकी सगळे जमले नाही तरी एवढे करा, कारण टक्केवारी, गुणोत्तर, परिमेय संख्या, समरूपता, त्रिकोणमिती सगळे यावर उभे आहे. ए-४ कागदाच्या २ सेंटिमीटर रुंद, २४ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. एका कागदातून दहा निघतात. मुलाला चार, म्हणजे साठ मुलांना २४ कागद. लांबी २४ च का? तिचे २, ३, ४, ६, ८ आणि १२ भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात. पाचवा भाग पडत नाही, तेही उपयोगाचेच.

पहिल्या तासाला फक्त मोजणे: पट्टीचा १/२ म्हणजे १२ सेंमी, १/३ म्हणजे ८. दुसऱ्या तासाला दोन्ही तुकडे एकापुढे एक ठेवा, २० सेंमी होतात. २४ पैकी २०, म्हणजे ५/६. आता २/५ लिहिणाऱ्या मुलाला विचारा की पट्टीचा २/५ किती? २४ ला ५ ने भागून दुप्पट केली की ९.६ सेंमी. अर्धी पट्टी १२ ची, तीत आणखी तुकडा जोडला आणि उत्तर ९.६? हा धक्का त्याला स्वतःला बसू द्या. 'छेद समान करा' हा नियम तिसऱ्या तासाला सांगा. नियम आधी आला की पट्टी नुसती शोभेची होते. बहुतेक वर्गांत साहित्य वापरूनही फरक पडत नाही तो याचमुळे.

ऋण संख्या

घोडबंदर रोडच्या किंवा वाशीच्या मुलाला लिफ्टमधले तळघराचे मजले कळतात. मुरबाडच्या पाड्यावर तो दाखला कुचकामी, तिथे किराणा दुकानाची उधारी चालते. दोन्हीकडे चालणारी वस्तू म्हणजे चिंचोके. फोडले की एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी म्हणजे +१, काळी म्हणजे −१, एक पांढरा आणि एक काळा मिळून शून्य. दोन मुलांत वीस डाळी (चिंचोक्याचे अर्धे) पुरतात, साठ मुलांना तीनशे चिंचोके.

−५ − (−३): पाच काळे मांडा, त्यातले तीन काळे उचला, दोन काळे उरले. −३ − ५ जरा अवघड: तीन काळे आहेत आणि पाच पांढरे उचलायचे आहेत, पण पांढरे नाहीतच. मग पांढऱ्या-काळ्याच्या पाच जोड्या आणून ठेवा (शून्यच मिळवले, किंमत बदलली नाही), पांढरे पाच उचला, आठ काळे उरतात. 'वजा वजा अधिक' हे पालुपद गुणाकार येईपर्यंत वर्गात कोणी उच्चारायचे नाही, शिक्षकानेसुद्धा.

'बरोबर' चिन्हाबाबतही शिक्षकाचा हात तपासावा लागतो. फळ्यावर घाईत ५ + ३ = ८ × २ = १६ असे सर्रास लिहिले जाते. मुले तेच उचलतात आणि आठवीत समीकरणाची एक बाजू बदलली की दुसरी का बदलायची हे त्यांना कळेनासे होते.

पाढ्यांना रोज पाच मिनिटे, जास्त नकोत. सुरात म्हटलेला पाढा मधूनच विचारला तर येत नाही. मूल सात एके सातपासून सुरू करते. खरे अडणारे गुणाकार दहाच आहेत: ६×६, ६×७, ६×८, ६×९, ७×७, ७×८, ७×९, ८×८, ८×९, ९×९. हेच उलटसुलट विचारा.

भाषेची अडचण की गणिताची

शाब्दिक उदाहरण चुकले तर ते मुलाला मोठ्याने वाचायला लावा. नाही जमले तर तुम्ही वाचून दाखवा. ऐकल्यावर सोडवता आले तर दुखणे वाचनाचे आहे, अपूर्णांकांचा गट त्याच्या कामाचा नाही. भिवंडीच्या उर्दू माध्यमात, कातकरी-ठाकर मुलांच्या वर्गात आणि आठवीला मराठीतून सेमी इंग्रजीत गेलेल्या मुलांत हे फार दिसते. सेमीच्या वर्गात पहिले दोन महिने भिंतीवर जोडशब्दांचा तक्ता ठेवा: अंश–न्यूमरेटर, छेद–डिनॉमिनेटर, अवयव–फॅक्टर, चल–व्हेरिएबल. चाळीस शब्द पुरतात.

शिक्षकांची बैठक

केंद्राची (जवळच्या शाळांच्या समूहाची) शिक्षण परिषद दर महिन्याला असतेच, पण ती सूचना वाचण्यात संपते. गणितासाठी गटातल्या शाळांची वेगळी ९० मिनिटे घ्या. प्रत्येकाने एकाच प्रश्नाच्या पाच चुकलेल्या उत्तरांचे कागद आणायचे, मुलांची नावे झाकून. पहिली २० मिनिटे चुकांचे ढीग करायचे. पुढची ४० मिनिटे प्रत्येक ढिगासाठी एक तासिका आखायची आणि एकाने ती उभे राहून शिकवायची. उरलेल्या वेळात पुढच्या महिन्याचा प्रश्न ठरवायचा. निवडणुकीची किंवा सर्वेक्षणाची कामे आली की गणिताचा शिक्षक हमखास गैरहजर. म्हणून प्रत्येक शाळेतून दोघे यावेत, दुसरा विज्ञानाचा चालेल. भेटीला येणाऱ्या अधिकाऱ्याने रजिस्टर उघडण्याऐवजी तीन मुलांना एक उदाहरण सोडवायला द्यावे आणि गप्प उभे राहावे.

यंदाच दहावीत असलेली मुले

यांना पट्टीपासून सुरुवात करण्याइतका वेळ नाही. दुरुस्ती प्रकरणातच घुसवा: रेषीय समीकरणांच्या आधी दोन तास ऋण संख्या, वर्गसमीकरणांच्या आधी अवयव, समरूपतेआधी गुणोत्तर. बीजगणित आणि भूमिती या दोन्ही भागांची लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांची, दोन तासांची. भूमितीत सिद्धता पाठ असूनही कंसातली कारणे चुकतात. त्यासाठी सिद्धतेच्या ओळी कापून, मिसळून द्या आणि जुळवायला लावा. पाठांतराचा उपयोग तिथेच थांबतो.

फेरचाचणी आणि दाखल्याबरोबरचे पान

भाग शिकवून झाल्यावर लगेच घेतलेली चाचणी फसवी असते. तीन आठवडे जाऊ द्या, मग त्याच धाटणीचे, आकडे बदललेले प्रश्न द्या. अहवालात सरासरी टक्के नकोत; कोणत्या प्रश्नात 'ठ' किती होते आणि किती उरले, एवढेच लिहा. प्रत्येक शाळेचे दहा कागद चिठ्ठ्या टाकून काढा आणि शेजारच्या शाळेकडून पुन्हा तपासून घ्या. शाळांची क्रमवारी लावू नका. लावली की पुढच्या वेळी उत्तरे आधी फळ्यावर येतात आणि सगळा तक्ता 'ब'ने भरतो.

दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना शिक्षण हमी पत्रक दिले जाते. त्यालाच त्या मुलाच्या वीस चौकटींची ओळ टाचणीने जोडा, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेला पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागणार नाही. मे महिन्यात शाळा सोडल्याचा दाखला देतानाही तसेच. ओळीखाली दोनच वाक्ये: कोणती चूक गेली, कोणती अजून आहे. माध्यमिक शाळेने प्रवेशावेळी हे पान मागून घ्यावे आणि दाखल्याच्या फाइलमध्ये न ठेवता थेट गणिताच्या शिक्षकाकडे द्यावे.