न थांबणारे हिमस्खलन
नागपुरातील आमच्या प्रयोगशाळेत हिमालयातील एका उताराचे संगणकीय हिमस्खलन-प्रारूप चालवताना सपाटीवर पोहोचलेला बर्फ थांबतच नसे. पडद्यावर तो मागेपुढे थरथरत राही. प्रारूपात वापरलेल्या, स्विस अभियंते फोएल्मी यांच्या 1955 च्या सूत्रात घर्षणाचे दोन भाग असतात, एक बर्फाच्या भारावर आणि दुसरा वेगाच्या वर्गावर अवलंबून. वेग शून्याजवळ आला की पहिला भाग एकाच कालटप्प्यात (गणना ज्या छोट्या कालावधीने पुढे सरकते त्यात) वेगाची दिशा उलटवत होता. घर्षण थांबवते, मागे ढकलत नाही. म्हणून घर्षणाने होणारी घट उरलेल्या वेगाहून जास्त निघाल्यास वेग शून्य धरावा आणि उताराची ओढ घर्षणाहून अधिक असेल तरच बर्फ पुन्हा हलू द्यावा, अशी अट मी घातली. नुसता कालटप्पा लहान केल्याने थरथर बारीक होते, जात नाही. आता घर्षणांक (पहिल्या भागातले घर्षण भाराच्या किती पट, तो आकडा) 0.2 ठेवला, तर सुमारे 11 अंशांहून सौम्य उतारावर ढीग स्थिर राहतो.