मिसळ की कोल्ड कॉफी: ग्राहकाचा समतोल कसा काढावा

सदाशिव पेठेत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे बाहेरच्या खाण्यासाठी आठवड्याला ६०० रुपये आहेत, मिसळ १०० रुपयांना आणि कोल्ड कॉफी ५० रुपयांना मिळते, असे धरू. या पैशांत सर्वाधिक समाधान देणारी जोडी, म्हणजे त्याचा समतोल, आपल्याला शोधायचा आहे. आडव्या अक्षावर मिसळ व उभ्या अक्षावर कॉफी घेऊन आधी अंदाजपत्रक रेषा, म्हणजे सगळे पैसे खर्चून घेता येणाऱ्या जोड्यांची रेषा, काढावी. सगळे पैसे मिसळीवर घातले तर ६ प्लेट, कॉफीवर घातले तर १२ ग्लास; हे दोन बिंदू जोडावेत. चिन्ह सोडले तर रेषेचा उतार २ येतो, म्हणजे एका मिसळीसाठी बाजार २ कॉफ्या सोडायला लावतो.

मग आरंभबिंदूकडे बहिर्वक्र असे समवृत्ती वक्र, म्हणजे सारखेच समाधान देणाऱ्या जोड्या जोडणारे वक्र, काढावेत; वक्र जितका वर, तितके समाधान अधिक. ते एकमेकांना कधीही छेदत नाहीत.

आता १ मिसळ व १० कॉफ्या या बिंदूपाशी नीट थांबावे, कारण सगळा युक्तिवाद येथेच उलगडतो. आणखी एका मिसळीसाठी विद्यार्थी ४ कॉफ्या सोडायला तयार असेल आणि बाजार दोनच मागत असेल, तर त्याने मिसळीकडे सरकणे फायद्याचे आहे. समजा ३ मिसळी व ६ कॉफ्यांपाशी त्याचा सीमांत पर्यायता दर, म्हणजे आणखी एका मिसळीसाठी तो सोडायला तयार असलेल्या कॉफ्या, २ झाला, तर तेथे वक्र रेषेला केवळ स्पर्श करतो आणि तोच समतोल होय. उत्तरपत्रिकेत वक्र रेषेला छेदतो त्या बिंदूला समतोल म्हणू नये; तेथे पैसे पुरते खर्च होतात, पण त्याच पैशांत वरचा वक्र गाठता येतो.

मिसळ १५० रुपयांवर गेली, तर रेषा कॉफीच्या टोकाभोवती आत फिरून आडव्या अक्षावर ४ ला टेकते, आणि स्पर्शबिंदू नव्याने शोधावा लागतो.