गोव्यातून ऑस्ट्रेलियाला शिकायला जाताना

पैशांचा हिशेब सर्वप्रथम मांडावा. सबक्लास ५०० या विद्यार्थी व्हिसासाठी, मे २०२४ मध्ये ठरलेल्या नियमानुसार, शिक्षणशुल्क आणि प्रवासखर्चाव्यतिरिक्त वर्षभराच्या निर्वाहाकरिता २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात; हा आकडा बदलत असल्याने अर्जापूर्वी तिथल्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर तपासावा. अभ्यासक्रम सुरू असताना पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम बहुतेक विद्यार्थ्यांना करता येत नाही, त्यामुळे तिथल्या कमाईतून सगळी फी भागेल या भरवशावर कोणीही वडिलोपार्जित भाट, म्हणजे बागायत, गहाण टाकू नये, असे मी कळकळीने सांगतो.

पोहोचल्यावर टॅक्स फाइल नंबर, म्हणजे तिथल्या कर खात्याचा ओळख क्रमांक, घ्यावा. तो विनामूल्य मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. किमान वेतनाचा हक्क विद्यार्थ्यांनाही आहे, आणि मालकाने तो डावलल्यास फेअर वर्क ओंबुड्समन या कामगारांच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे दाद मागता येते. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अनामत रक्कम पाठवू नये.

आईने बांधून दिलेली सुकी सुंगटे (कोळंबी), सोलां (आमसुले) किंवा लोणचे तिथल्या विमानतळावरील पत्रकात अवश्य नोंदवावे. नोंदवलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेली सापडली, तर जबर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.