व्हेनिसच्या विमानतळावरून हॉटेलपर्यंत खासगी बोट ठरवताना या चुका टाळा

व्हेनिस शहरात मोटार शिरते ती पियाझ्झाले रोमा या चौकापर्यंतच. त्यापुढे सगळा व्यवहार पायी किंवा पाण्यातून चालतो. त्यामुळे मार्को पोलो विमानतळाच्या धक्क्यावर बसून सामानासह थेट हॉटेलकडे नेणारी खासगी वॉटर टॅक्सी ही खरोखर उत्तम सोय आहे. घरची वडीलधारी माणसे, लहान मुले आणि मोठ्या बॅगा बरोबर असतील तर ती चैन न राहता गरजच ठरते. मात्र शंभराहून अधिक युरोंचे हे भाडे भरूनही अनेकांना शेवटी पायऱ्यांच्या दोन-तीन पुलांवरून बॅगा उचलून न्याव्या लागतात. हा मनस्ताप हॉटेलजवळ उतरल्यावर जाणवत असला, तरी त्याचे मूळ आरक्षणात असते. बोट ठरवताना आपण मोटार ठरवल्यासारखे 'विमानतळ ते हॉटेल' एवढेच नोंदवतो, आणि बोट नेमकी कुठे लागणार हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

विमानतळ आणि हॉटेल दोन्ही पाण्यालगत आहेत ना, हे आधी पाहा

स्वस्त तिकिटाच्या शोधात युरोपातल्या दुसऱ्या शहरातून येणारे बरेच प्रवासी व्हेनिसऐवजी त्रेव्हिझोच्या विमानतळावर उतरतात. तिकीट विकणारी संकेतस्थळे त्यालाही व्हेनिसचेच नाव देतात, पण तो विमानतळ आत जमिनीवर आहे आणि तिथून बोट नाही. तिथे उतरणाऱ्यांनी बसने किंवा मोटारीने पियाझ्झाले रोमाला यावे आणि बोट तिथून ठरवावी.

हॉटेलच्या बाबतीत असाच घोटाळा मेस्त्रे या भागामुळे होतो. मेस्त्रे आणि शेजारचे मार्गेरा हे व्हेनिस महापालिकेच्याच हद्दीत येतात, त्यामुळे हॉटेलच्या पत्त्यात व्हेनिस लिहिलेले असते, दरही सोयीचे असतात. पण हे भाग मुख्य भूमीवर आहेत आणि विमानतळावरून तिथे जायला साधी बस किंवा टॅक्सी पुरते. हॉटेल खरोखर बेटांवरच्या जुन्या शहरात असेल, तर त्याच्या पत्त्यात सान मार्को, कास्तेल्लो, कानारेजो, दोर्सोदुरो, सान पोलो किंवा सांता क्रोचे या सहा विभागांपैकी एकाचे नाव सापडते. जुदेक्का, मुरानो, लीदो ही बेटे वेगळी असली तरी बोटीने गाठता येतात. फक्त शहराच्या मध्यभागासाठी सांगितलेले भाडे त्यांना लागू होईल असे गृहीत धरू नये.

हॉटेलचे दार एकीकडे, बोटीचा धक्का दुसरीकडे

व्हेनिसमधले घरक्रमांक रस्त्यानुसार नसून विभागानुसार लावलेले आहेत, आणि कास्तेल्लोसारख्या मोठ्या विभागात ते सहा हजारांच्याही पुढे जातात. त्यामुळे 'कास्तेल्लो' आणि त्यापुढे चार आकडी क्रमांक एवढाच पत्ता दिला, तर अनुभवी बोटचालकालाही जागेचा अंदाज बांधावा लागतो. नुसते गल्लीचे नाव देणे तर अधिकच धोक्याचे, कारण 'काले देल फोर्नो' या नावाच्या गल्ल्या शहरात एकापेक्षा अधिक ठिकाणी आहेत. आरक्षणात हॉटेलचे पूर्ण नाव, विभाग, क्रमांक आणि हॉटेलचा दूरध्वनी या चारही गोष्टी लिहाव्यात. सुट्टीसाठी भाड्याने घेतलेले घर असेल, तर घरमालकाकडून जवळच्या धक्क्याचे किंवा पुलाचे नावही मागून घ्यावे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, ती म्हणजे हॉटेललाच लिहून विचारणे. काही हॉटेलांना कालव्याच्या बाजूने स्वतंत्र दार असते. तिथे बोट थेट लागते आणि हॉटेलचा माणूस बॅगा उचलून घेतो. पण असंख्य हॉटेले आतल्या गल्लीत किंवा चौकात आहेत, आणि त्यांच्यासाठी 'हॉटेलपर्यंत बोट' याचा व्यवहारातला अर्थ 'जवळच्या सार्वजनिक धक्क्यापर्यंत बोट' एवढाच असतो. हॉटेलच्या छायाचित्रात खिडकीतून कालवा दिसतो म्हणून बोट त्याच खिडकीखाली लागेल, असे समजू नये. आरक्षण करण्याआधी हॉटेलला इंग्रजीत एक छोटा ई-मेल पाठवावा आणि त्यात स्पष्ट विचारावे की वॉटर टॅक्सी तुमच्या दाराशी लागते का, लागत नसल्यास कोणत्या धक्क्यावर उतरावे, तिथून दारापर्यंत वाटेत किती पूल आहेत, आणि आम्ही पोहोचू त्या वेळी बॅगा उचलायला कोणी येऊ शकेल का. पुलांची संख्या विचारणे फार महत्त्वाचे आहे, कारण नकाशावर दीडशे मीटर दिसणारे अंतर मधल्या पुलाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या असल्या की पंचवीस किलोच्या बॅगेसह फार लांब होते. हॉटेलचे उत्तर आले की तेच बोट कंपनीला पाठवून लेखी दुजोरा घ्यावा.

भरती-ओहोटीचा विचारही इथेच करावा लागतो. कोकणातल्या खाडीत होडी घालणाऱ्यांना पाण्याची वेळ पाहण्याची सवय असते, तीच व्हेनिसमध्येही लागते. शहराभोवतीच्या लगूनमध्ये, म्हणजे समुद्रालगतच्या उथळ खाऱ्या पाण्यात, भरतीचे पाणी चढले की आतल्या अरुंद कालव्यांवरच्या बुटक्या पुलांखालून बोटीचे छत जात नाही. हिवाळ्याच्या उत्तरार्धात मोठी ओहोटी आली की तेच कालवे इतके उथळ होतात की बोट हॉटेलच्या पाण्याकडच्या दाराशी पोहोचतच नाही. शहराला पुरापासून वाचवण्यासाठी समुद्राच्या मुखांशी बांधलेले 'मोझे' हे अडथळे ३ ऑक्टोबर २०२० रोजी भरतीच्या वेळी प्रथम वापरले गेले. त्यामुळे आता भरतीची चिंता उरली नाही, असा समज ऐकू येतो, पण ते अडथळे साधारण ११० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक भरतीचा अंदाज असतानाच उभारले जातात. त्याखालच्या भरतीत शहर चालू असते आणि तरीही बोटीला बुटक्या पुलाखालची वाट बंद असू शकते. अशा वेळी चालक जवळच्या रुंद कालव्यावर उतरवतो आणि त्यात त्याची चूक नसते. म्हणून पहिल्या धक्क्याबरोबर पर्यायी धक्काही आधीच ठरवून ठेवावा, आणि विशेषतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात प्रवासाच्या दोन दिवस आधी भरती-ओहोटीवर लक्ष ठेवणाऱ्या महापालिकेच्या केंद्राचा अंदाज पाहावा.

पाण्याकडच्या दारांविषयी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. विमानतळाचा धक्का तरंगता असल्याने तिथे बोटीत पाय ठेवणे त्यामानाने सोपे जाते. हॉटेलच्या दाराशी मात्र अनेकदा दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या असतात, आणि ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खालच्या पायऱ्यांवर हिरवे शेवाळ साचलेले असते. साडी नेसलेल्या आजींनी किंवा गुडघेदुखी असलेल्या आजोबांनी तिथे घाई करू नये, चालकाने पुढे केलेला हात धरावा आणि कोरड्या, वरच्या पायरीवरच पाय टाकावा. शिवाय बोटीच्या बंदिस्त भागात जायला दोन-तीन पायऱ्या खाली उतरावे लागते. चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांना नेहमीची वॉटर टॅक्सी चालत नाही. त्यांनी सरकता मंच असलेली बोट मिळेल का, हे आरक्षणाआधीच विचारावे.

'प्रायव्हेट' आणि 'शेअर्ड' यांतला फरक

आरक्षणाच्या संकेतस्थळांवर दोन्ही सेवांना सारखीच चकचकीत लाकडी बोट दाखवलेली असते. दर माणशी दिसत असेल, तर ती बहुधा सामायिक सेवा समजावी. तिच्यात इतर प्रवासी जमेपर्यंत थांबावे लागते, आणि उतरण्याच्या जागा बऱ्याचदा ठरलेल्या असतात. खासगी बोटीचा दर संपूर्ण बोटीचा असतो, तरी मूळ भाड्यात किती माणसे धरली आहेत हे पाहावे. चार जणांपर्यंत एक दर आणि पुढे प्रत्येकी जादा आकार, अशी पद्धत सर्रास आढळते. बॅगांची संख्या, रात्रीचा आकार आणि विमान उशिरा आल्यास थांबण्याचा आकार हे तपशील अटींच्या बारीक अक्षरांत असतात. आई-वडील, सासू-सासरे आणि मुले असा आठ जणांचा परिवार निघाला असेल, तर माणसांइतक्याच मोठ्या बॅगा असतात हे ध्यानात घेऊन दोन्ही आकडे खरे लिहावेत, कारण बोटीची क्षमता कायद्याने ठरलेली असते आणि चालक ती धक्क्यावर वाढवून देऊ शकत नाही.

दोघेच प्रवासी असतील, हातात एकेक लहान बॅग असेल आणि हॉटेलला स्वतःचा धक्का नसेल, तर माझ्या मते खासगी बोटीवर एवढा खर्च करू नये. आलिलागुना कंपनीच्या सार्वजनिक बोटी विमानतळावरून निघतात; वेळ अधिक लागतो, पण त्या रिआल्तो, सान मार्को आणि फोंदामेंते नोव्हे या भागांपर्यंत पोहोचवतात.

विमानाचा क्रमांक, वेळ आणि पैसे

महाराष्ट्रातून जाणारे बहुतेक जण दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी विमान बदलतात, आणि आरक्षणाच्या अर्जात सवयीने मुंबईहून निघणाऱ्या विमानाचा क्रमांक भरतात. बोट कंपनी विमानाच्या क्रमांकावरूनच त्याच्या येण्यावर लक्ष ठेवते. म्हणून व्हेनिसला प्रत्यक्ष उतरणाऱ्या विमानाचाच क्रमांक द्यावा आणि वेळ इटलीची लिहावी. इटलीचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. मध्यरात्रीच्या सुमारास उतरणाऱ्यांनी तारीख दोनदा तपासावी.

उतरल्यानंतर लागणारा वेळ विमान कुठे बदलले यावर अवलंबून असतो. फ्रँकफर्टमार्गे आलात, तर पारपत्राची तपासणी तिथेच होऊन जाते आणि व्हेनिसला फक्त बॅगा घ्यायच्या उरतात. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे आलात, तर ही तपासणी व्हेनिसलाच होते, आणि १२ ऑक्टोबर २०२५पासून सुरू झालेल्या युरोपीय नोंदणी पद्धतीत बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले जात असल्याने रांग रेंगाळू शकते. कंपनीचा विनामूल्य थांबण्याचा अवधी विमान उतरल्यापासून मोजतात की ठरलेल्या वेळेपासून, हे अटींत वाचून घ्यावे. अर्ध्या तासाचाच अवधी देणाऱ्या सेवेपेक्षा एक तास थांबणारी थोडी महाग सेवा पत्करावी.

पैसे भरताना कार्ड नाकारले गेले, तर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डांवर ती सोय ग्राहकाने स्वतः सुरू करावी लागते. फोन क्रमांक देशाच्या संकेतांकासह द्यावा, आणि परदेशात तोच क्रमांक व्हॉट्सॲपवर चालू राहील याची खात्री करावी.

धक्क्यावर कोणीच दिसले नाही तर

आधी भेटीची जागा कोणती ठरली आहे, ते आरक्षणाच्या कागदावर पाहावे. काही कंपन्यांचा माणूस आगमन कक्षाच्या दाराशी नावाची पाटी घेऊन उभा असतो, तर काही कंपन्या प्रवाशाने स्वतः धक्क्यावर यावे असे ठरवतात. दोघे दोन ठिकाणी एकमेकांची वाट पाहत राहतात, असे पुष्कळदा घडते. इमारतीतून बोटीच्या खुणेच्या पाट्यांमागे छपराखालच्या वाटेने चालत गेल्यास सामानासह सुमारे दहा मिनिटांत धक्का येतो. तिथेही कोणी नसेल, तर विमानतळाचे वाय-फाय वापरून कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा, त्याबरोबर लेखी संदेशही पाठवावा, म्हणजे पुढे परतावा मागताना वेळेचा पुरावा राहतो. त्या घाईत कोणी जवळ येऊन स्वस्तात नेतो म्हणाला, तरी त्याच्यामागे जाऊ नये. परवानाधारक वॉटर टॅक्सीवर पिवळा पट्टा आणि परवाना क्रमांक असतो. तो पाहून आणि एकूण रक्कम आधी बोलून मगच बसावे.

बॅग विमानातून आलीच नाही, तर बाहेर पडण्याआधी सामान कक्षातच तक्रार नोंदवावी आणि बोट कंपनीला लगेच कळवावे. तक्रारीत हॉटेलचा पत्ता विभागासह लिहावा, कारण उशिरा आलेली बॅगही त्याच पत्त्यावर पोहोचवली जाते.

परतीची बोट

येताना सगळे सुरळीत झाले की परतीची वेळ अनेक जण सैल धरतात. आतल्या कालव्यांत लाटांमुळे इमारतींचे पाये झिजू नयेत म्हणून वेगमर्यादा कडक आहे, त्यामुळे उशीर झाला तरी चालक वेग वाढवून तो भरून काढू शकत नाही. हिवाळ्यातल्या धुक्यात तर लगूनमध्येही बोटी हळू चालतात. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या ऐतिहासिक नौकास्पर्धेच्या वेळी मुख्य कालव्यावरची वाहतूक थांबवली जाते, म्हणून त्या दुपारी निघणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूचा धक्का आधीच विचारून घ्यावा. विमान सुटण्याच्या किमान तीन तास आधी विमानतळाच्या धक्क्याला लागता येईल अशी वेळ सांगावी, आणि तिथून इमारतीपर्यंतची चाल त्यात धरावी. आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या स्वागतकक्षामार्फत बोटचालकाशी बोलून सकाळचे पाणी पाहता बोट नेमकी कोणत्या दाराशी लागेल, हे पुन्हा पक्के करून घ्यावे.